ताबा नेमका कुठे सुटतो

चि. निनादास,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक मेसेज मी रात्री पुन्हा वाचून काढला. फोनवर तू 'ठीक आहे गं' म्हणून विषय टाळतोस, लिहिताना मात्र मोकळा होतोस, म्हणून मीही लिहायलाच बसले. दोन गोष्टी तू सांगितल्यास. पहिली ही, की कमी केलेलं वजन पुन्हा होतं तिथे आलं आणि 'आई, खोट माझ्यातच आहे, मला तोंडावर ताबा नाही'. दुसरी तू अगदी जाता जाता लिहिलीस, की हल्ली डोकं जड असतं, वाचलेलं पान ध्यानात राहत नाही, सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. तू त्या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्यास. मला त्यांचं मूळ बऱ्याच अंशी एकच दिसतं, आणि ते तुझ्या स्वभावात नाही. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या पेशी बघण्यात गेली, म्हणून हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाहीये. मला जे ठाऊक आहे तेच लिहिते आहे.

सुरुवात पोटावरच्या चरबीपासूनच करते. चरबी म्हणजे शरीराने साठवून ठेवलेलं जास्तीचं तेल, एवढीच आपली समजूत असते. मी शिकत होते तेव्हा आम्हालाही जवळजवळ तसंच शिकवलं जायचं. काचपट्टीवर बघितलं तर तसंच वाटतंही. तुकडा तयार करताना रसायनांत आतला मेद विरघळून जातो, त्यामुळे मेदपेशी म्हणजे नुसती रिकामी गोल भोकं दिसतात, कडेला पेशीपटलाची बारीक रेघ आणि एका बाजूला ढकललेलं केंद्रक. बघावं असं त्यात काही नाही असं वाटतं. पण खूप लठ्ठ माणसाच्या पोटातल्या चरबीचा तुकडा घेऊन त्यावर भक्षक पेशी तेवढ्या तपकिरी रंगतील अशी प्रक्रिया केली, की चित्र पालटतं. काही भोकांभोवती तपकिरी पेशींचं कडं पडलेलं दिसतं, एकीला एक चिकटून, मधे जागा न सोडता. मधली मेदपेशी मेलेली असते. फुगत फुगत ती इतकी मोठी झाली, की तिला रक्तातून मिळणारा प्राणवायू पुरेना, ती मेली, तिच्यातलं तेल बाहेर सांडू लागलं आणि ते खाऊन टाकायला भक्षक पेशी गोळा झाल्या.

अशी कडी एकदोन असती तर त्यांची दखल घ्यायचं कारण नव्हतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात मोजून दाखवलं, की सडपातळ शरीराच्या चरबीत या भक्षक पेशी एकूण पेशींच्या १० टक्क्यांच्या आत असतात आणि लठ्ठ माणसात त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जातं. त्याआधी दहा वर्षं, १९९३ मध्ये, गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवलं होतं, की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-आल्फा नावाचं रसायन बाहेर पडतं आणि त्यामुळे इन्शुलिनचं काम बिघडतं. टीएनएफ-आल्फा हे दाहाचं रसायन. जंतुसंसर्ग झाला, जखम झाली की ते वाढतं, काम झालं की उतरतं. इथे जखम नाही, जंतू नाही, तरी ते झिरपतच राहतं. ताप येत नाही, कुठे दुखत नाही, लाल होत नाही. म्हणून हा दाह वर्षानुवर्षं असूनही माणसाला कळत नाही. आतड्यांभोवती साठणारी चरबी या बाबतीत कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त त्रासदायक. म्हणून मी तुला काट्यावरच्या आकड्यापेक्षा कमरेचं माप विचारत असते.

आता हे सगळं पोटात चाललेलं आहे, त्याचा मेंदूशी काय संबंध? मेंदू तर रक्तापासून राखून ठेवलेला अवयव. त्याच्या केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या, की रक्तातलं वाटेल ते आत शिरू शकत नाही. पण मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे, सगळा मिळून वजन जेमतेम ४ ग्रॅम. भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान हे सगळं तो सांभाळतो. भुकेचा हिशोब ठेवायचा तर रक्तात साखर किती, इन्शुलिन किती, साठा किती हे त्याला कळायला हवं. म्हणून त्याच्या तळाशी, भुकेच्या केंद्राला अगदी लागून, रक्तवाहिन्यांच्या भिंती निसर्गानेच सैल ठेवल्या आहेत. तिथून खबर आत येते. आणि दाहाची रसायनंही, काही प्रकारची संपृक्त मेदाम्लंही तिथूनच आत येतात. अख्ख्या मेंदूत सगळ्यात आधी झळ बसते ती नेमकी भूक सांभाळणाऱ्या जागेला.

हे पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवलं ब्राझीलमधल्या कॅम्पिनासच्या संशोधकांनी, २००५ साली. त्यांनी उंदरांना मेदयुक्त आहारावर ठेवलं आणि त्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाहाची जनुकं जागी झालेली सापडली. तिथल्या पेशी इन्शुलिनला नीट प्रतिसाद देईनात. मग २०१२ मध्ये सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून एक निबंध आला, तो वाचल्याचं मला अजून आठवतं, कारण त्याने क्रमच उलटा करून दाखवला. तोपर्यंत सगळे धरून चालले होते, की आधी वजन वाढतं, मग चरबीतून रसायनं सुटतात, मग मेंदूपर्यंत पोचतात. या मंडळींनी उंदरांना मेदयुक्त आहार सुरू केला आणि एक ते तीन दिवसांत मेंदूत दाहाच्या खुणा शोधल्या. त्या सापडल्या. वजन तेव्हा म्हणण्यासारखं वाढलंही नव्हतं. मग तो दाह काही काळ ओसरला आणि तोच आहार चालू राहिल्यावर परत आला, तो कायमचा मुक्कामाला. त्यांनीच माणसांच्या मेंदूचे एमआरआय तपासले, तेव्हा लठ्ठ माणसांच्या हायपोथॅलॅमसमध्ये त्याच जागी व्रण भरताना दिसतो तसा बदल दिसला.

म्हणजे मेंदूतला दाह हा लठ्ठपणाचा नुसता परिणाम नाही. तो वजन वाढायला मदतही करतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांना रेटा बसतो आणि मधे सापडतो तो तुझ्यासारखा माणूस, जो म्हणतो, माझ्यातच खोट आहे.

तिथे सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं तेही सांगते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवून त्या पहिल्यांदा नीट वेगळ्या ओळखल्या. निरोगी मेंदूत त्या फार देखण्या दिसतात. मध्ये लहानसं अंग आणि चहूबाजूंना बारीक, फाटे फुटलेले तंतू, सतत हलत असलेले, शेजारच्या चेतापेशींना चाचपून बघणारे. दाह सुरू झाला की त्या तंतू आवरून घेतात, अंग जाड होतं, पेशी गोलसर होते आणि आजूबाजूला दाहाची रसायनं सोडू लागते. बराच काळ असं चाललं, की ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशीही फुगतात, दाट होतात. आणि या गर्दीत ज्यांनी 'आता पुरे' म्हणायचं त्या चेतापेशींचं काम मंदावतं.

त्या चेतापेशी ज्याचं ऐकतात ते लेप्टिन. जेफ्री फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९९४ साली त्याचं जनुक शोधलं. लेप्टिन चरबीतूनच निघतं आणि मेंदूला सांगतं, साठा पुरेसा आहे, आता थांब. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एकाच घराण्यातल्या दोन चुलत भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या शरीरात हे रसायन तयारच होत नव्हतं. ती मुलं सदा भुकेली असत, समोरचं संपलं की पुन्हा मागत, न मिळालं तर आकांत करत. पुढे त्यांतल्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि तिची भूक इतर मुलांसारखी झाली. वजन उतरू लागलं. त्या मुलीला आधी हावरट म्हणणारे असतीलच. तिच्या स्वभावात तर काहीच बदललं नव्हतं. एक रसायन रक्तात नव्हतं, ते आलं, एवढंच.

मग सगळ्याच लठ्ठ माणसांना लेप्टिन का देत नाहीत? देऊन बघितलं. फारसा उपयोग झाला नाही, कारण त्यांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं. चरबी जास्त म्हणून लेप्टिनही जास्त. तुझ्याही रक्तात ते भरपूर असणार. खोळंबा पुढे आहे, ऐकणाऱ्या पेशींमध्ये. ज्याच्या दारावर दिवसरात्र थाप पडते, तो शेवटी थाप ऐकूनही उठेनासा होतो, तशी त्या पेशींची गत होते. त्यात दाहाची रसायनं पेशीच्या आत त्या निरोपाची वाटच अडवतात. पोटभर जेवूनही अर्ध्या तासाने तुझा हात डब्याकडे जातो तो यामुळे. मेंदूला मनापासून वाटतं की उपासमार चालू आहे.

आणि ज्याला खरंच वाटतं की उपासमार चालू आहे, तो काय करतो हेही लोकांनी तपासून ठेवलंय. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, सगळे आपणहून आलेले, जवळजवळ सहा महिने अर्ध्या पोटावर ठेवलं. युद्धाने उपाशी ठेवलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे ठरवण्यासाठी. ती मुलं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. पोटभर मिळायला लागल्यावर काही जण थांबेनाच. शरीराने आणि मनाने निवडून घेतलेली ही मुलं होती. तू गेल्या खेपेला अर्धपोटी राहून झटपट वजन उतरवलंस आणि मग 'सगळं सुटलं' म्हणून स्वतःला शिव्या घातल्यास. बाळा, जे त्यांचं झालं तेच तुझं झालं.

आता त्या जड डोक्याबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची जास्त वाटली.

ताप येतो तेव्हा आपल्याला काय होतं आठव. खावंसं वाटत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, डोकं चालत नाही, पडून राहावंसं वाटतं. हे जंतू करत नाहीत. आपल्याच शरीराची दाहाची रसायनं मेंदूला तसं करायला लावतात, म्हणजे शक्ती लढाईसाठी शिल्लक राहते. याचा पुरावा फार स्वच्छ आहे. पूर्वी यकृताच्या हिपॅटायटिस सी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन म्हणजे शरीर स्वतःच बनवतं असं रोगप्रतिकाराचं रसायन. पण ते बाहेरून महिनोन्महिने दिल्यावर बऱ्याच रुग्णांना नैराश्य येई, ज्यांना आयुष्यात कधी आलं नव्हतं त्यांनाही. घरात काही बिघडलेलं नसायचं. रसायन आत गेलं आणि मन काळवंडलं. तुझ्या शरीरात तशा रसायनांची पातळी त्यापेक्षा खूप कमी असणार, पण ती रोज आहे. २०१० साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा लठ्ठ माणसाला पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि नैराश्य असलेल्या माणसाला पुढे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. एकातून दुसरं आणि दुसऱ्यातून पहिलं. लोकांचे टोमणे, आरशाची भीती हेही त्यात असतंच, ते मी नाकारत नाही. पण सगळं खापर मनावर फोडू नकोस.

विसरण्याचंही तसंच. नवी आठवण तयार होते ती हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी लठ्ठ उंदरांच्या मेंदूत बघितलं, की मायक्रोग्लिया तिथे चेतापेशींच्या जोडणीची टोकं गिळू लागतात आणि ते उंदीर आठवणीच्या परीक्षेत मागे पडतात. त्यांनी मायक्रोग्लियाला ते गिळण्यापासून रोखलं, तर जोडण्या टिकल्या आणि परीक्षाही सुधारली. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते, की चेतापेशी मेलेल्या नव्हत्या. कमी झाल्या होत्या त्या जोडण्या, आणि जोडण्या पुन्हा होतात.

स्मृतिभ्रंशाबद्दल तू काहीबाही वाचलंस, असं दिसतं, म्हणून तेही स्वच्छ सांगते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यांत मध्यम वयातला लठ्ठपणा आहे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, बसून राहणं आहे, आणि बहिरेपणा, एकटेपणाही आहे. ही सगळी धोका वाढवणारी कारणं. ज्याचं वजन जास्त त्याला तो आजार होणारच असं त्यात कुठेही नाही, आणि तुझं ते वयही अजून लांब आहे. रात्री दोन वाजता असलं वाचत बसू नकोस. तेवढा वेळ झोप, तो जास्त उपयोगी पडेल.

एक सावधगिरीही सांगून ठेवते, नाहीतर तू उद्या मित्रांना सांगशील की मेंदूच्या सुजेने लठ्ठपणा येतो आणि संपलं. उंदरांवरच्या या प्रयोगांत पुष्कळदा ६० टक्के उष्मांक मेदातून देतात. असा आहार माणूस सहसा खात नाही. आणि जिवंत माणसाच्या हायपोथॅलॅमसचा तुकडा काढून मी काय, कोणीच बघत नाही. एमआरआयमधून अंदाज बांधावा लागतो. शिवाय आनुवंशिकता आहे, आणि वजनाशी निगडित जनुकांपैकी बरीचशी मेंदूतच काम करतात. माझ्याकडून आणि तुझ्या बाबांकडून तुला काय आलं ते तू निवडलेलं नाहीस. दाह हा या सगळ्यातला एक धागा. पण तो महत्त्वाचा, कारण त्यावर उपाय चालतो.

उपायांत मी झोप सगळ्यात वर ठेवते. तू चार-पाच तास झोपतोस आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळतोस. २००४ साली शिकागोत तरुण मुलांवर एक छोटा अभ्यास झाला. दोनच रात्री चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. दोन रात्रींत! तुझ्या तर कित्येक महिन्यांच्या रात्री अशा गेल्या आहेत. आणि दुसरं, तू घोरतोस. मागे घरी आला होतास तेव्हा मी तुझ्या खोलीबाहेर उभी राहून ऐकलं. घोरणं चालू असतं, मग एकदम शांत, काहीच आवाज नाही, आणि मग तू दचकल्यासारखा मोठा श्वास घेतोस. ही झोपेत श्वास थांबण्याची लक्षणं आहेत. गळ्याभोवतीची चरबी घशातला श्वासाचा मार्ग दाबते, रक्तातला प्राणवायू रात्रभर खालीवर होतो, आणि त्यानेही दाह वाढतो, सकाळी डोकं जड राहतं, दिवसभर पेंग येते. हे असेल तर त्यावर उपचार आहेत आणि त्यांनी डोकं फार लवकर हलकं होतं. ही तपासणी टाळायची नाही, एवढं माझं ऐक.

मग हालचाल. व्यायामाने किती उष्मांक जळले ते मोजत बसलास तर निराश होशील, कारण ते थोडेच असतात. व्यायामाचा खरा गुण दुसरीकडे आहे. चालणाऱ्या, काम करणाऱ्या स्नायूतून इंटरल्यूकिन-६ सुटतं. गंमत बघ, हेच रसायन चरबीतून सतत झिरपलं तर दाह वाढवतं आणि स्नायूतून तेवढ्यापुरतं आलं आणि गेलं तर दाह शमवणाऱ्या रसायनांना पुढे बोलावतं. कॅम्पिनासच्या संशोधकांनी २०१० मध्ये लठ्ठ उंदरांना एकदाच भरपूर व्यायाम दिला, तर त्यांच्या हायपोथॅलॅमसमधला दाह उतरला आणि पेशी लेप्टिन आणि इन्शुलिन पुन्हा ऐकू लागल्या. वजन तर तसूभरही कमी झालेलं नव्हतं. म्हणून महिनाभर चालूनही काटा हलला नाही तर चालणं सोडायचं नाही. जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाल, इतक्यानेही रक्तातली साखर कमी उसळते. पळायची, जिममध्ये जाऊन घाम गाळायची आत्ता गरज नाही, गुडघ्यांना ते सोसणारही नाही.

खाण्याबद्दल मी कमीच बोलणार आहे, त्यावर तुला सगळ्यांनी भरपूर ऐकवलंय. एकच प्रयोग सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हींत साखर, मीठ, मेद, तंतू सारखेच वाढलेले, आणि हवं तेवढं खा अशी मुभा. पाकिटातल्या खाण्यावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली. नकळत. त्यांचं मन त्या दोन आठवड्यांत कमकुवत झालं आणि पुढच्या दोन आठवड्यांत कणखर झालं असं कोणी म्हणेल का? म्हणून खोलीत पाकिटं आणूनच ठेवू नकोस. समोर ठेवून मोह आवरण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ते सोपं. आणि उपाशी राहून वजन उतरवायचा बेत पुन्हा करू नकोस.

औषधांचं तू विचारलं होतंस, जरा चाचरतच विचारलंस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सेमाग्लुटाइडसारखी औषधं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवरही काम करतात. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं, हेही तितकंच खरं, म्हणून ती दोन-चार महिन्यांची गोष्ट नव्हे. मळमळ, उलट्या, पित्ताशयात खडे असे त्रास होऊ शकतात. ती लागतील का ते डॉक्टर तुला तपासून ठरवतील. कुणा मित्राच्या ओळखीने, चिठ्ठीशिवाय मागवायची नाहीत. आणि 'मेंदूची सूज उतरवणाऱ्या' म्हणून ज्या गोळ्या आणि चूर्णं विकतात, त्यांवर एक पैसाही घालवू नकोस.

बिघडलेलं सुधारतं का, हा तुझा मनातला प्रश्न असणार. कॅम्पिनासच्या त्याच मंडळींनी लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांचे मेंदू आधी आणि नंतर बघितले. वजन उतरल्यावर हायपोथॅलॅमसचं काम पूर्ण नाही, पण काही अंशी मूळपदावर आलेलं दिसलं. तो बिघाड कायमचा कोरलेला असता तर एवढंही झालं नसतं. वेळ मात्र लागतो. मेंदू जुन्या, वाढलेल्या वजनालाच बराच काळ योग्य मानत राहतो आणि तिकडे ओढतो. ती ओढ जाणवली की आपण हरलो असं समजू नकोस, ती येणारच.

आणि कुणी बोललंच, घरातलं असो वा ऑफिसातलं, तर त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही, पण त्यांचे शब्द उचलून स्वतःला लावायचे नाहीत. सततच्या मानहानीनेही शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं रसायन वाढतं आणि कॉर्टिसोल वाढलं की चरबी पोटावरच बसते. तू स्वतःशी बोलतोस ती भाषाही त्यात आली.

आता कामाचं. येत्या आठवड्यात उपाशीपोटी रक्त देऊन ये. साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी), लिपिड प्रोफाइल, यकृताची तपासणी, टीएसएच आणि व्हिटॅमिन बी-१२. शेवटच्या दोन मुद्दाम लिहिल्या आहेत, कारण थायरॉइड मंद असेल किंवा बी-१२ कमी असेल तरी असंच विसरायला होतं, सुस्ती येते, आणि ते आधी बघायला हवं. सीआरपी, म्हणजे रक्तातला दाह मोजणारी तपासणी, सांगितली नाही म्हणून स्वतःहून करून घेऊ नकोस. साधं सर्दी-पडसं झालं तरी ती चढते, आणि मेंदूत काय चाललंय ते तिच्यातून कळत नाही. रक्तदाब मोजून घे. कंबर मोजताना श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप धर, पँटच्या पट्ट्यापाशी नको. ते माप उंचीच्या निम्म्याहून कमी असावं, पण आत्ता नाही म्हणून हबकून जाऊ नकोस, फक्त लिहून ठेव. झोपेच्या तपासणीसाठी कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि घोरताना श्वास थांबतो, आईने ऐकलंय, असं स्पष्ट सांग. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर तीही तिथेच न लपवता सांग. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

रिपोर्ट हातात आले की आधी मला फोटो पाठव, इंटरनेटवर शोधत बसू नकोस. रविवारी बोलू तेव्हा मी समोर घेऊन बसेन आणि एकेक आकडा तुला समजावून सांगेन.

तुझी,
आई